सर्जापूर रोडवर सुझुकाची शर्यत

बंगळुरूला माणसं नोकरीसाठी जातात, लग्नकार्याला जातात. मी गेले ती टीव्हीवर मोटारींची शर्यत बघायला. शर्यत जपानमध्ये, सुझुकाला. मी राहते पुण्यात. आणि ती बघायची होती सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. घरच्यांना हे पटवायला दोन दिवस लागले. पण कारण भक्कम होतं. जपानी स्पोर्ट्स कार शर्यतींच्या आमच्या ऑनलाइन गटातली वीसेक मंडळी तिथे जमणार होती, या वेळी इंग्रजी समालोचन मिळणार नव्हतं, आणि गटात जपानी येणारी मी एकटीच. पंधरा वर्षं मी जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करते आहे. समालोचन ऐकता ऐकता सांगत जाणं मला जमणारच, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

शनिवारी सकाळी यशवंतपूर स्टेशनवर प्रशांत न्यायला आला होता. हा मूळचा निपाणीचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. तीन वर्षं आम्ही गटात भांडतोय, भेटलो मात्र पहिल्यांदाच.

"आलासा ताई? चला, आधी अण्णांना भेटून जाऊ. उद्या ते तुमची परीक्षा घेणार बघा."

आमच्या गटातल्या माधवअण्णांचं गॅरेज बंगळुरूच्या शिवाजीनगरमध्ये, बाजारामागे एका बोळात आहे. साठी उलटलेले, बुटके, हाताला ग्रीसचा वास. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपासून याच मुलखात आहे, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलंय की वेगळं काढता येत नाही. त्यांनी शेजारच्या बेकरीतून खारा बन (कांदा-मिरची घातलेला तिखट पाव) आणि कॉफी मागवली.

"अक्का, राग धरू नको," ते म्हणाले. "पण शर्यतीत बोलायला माणूस कशाला? गाडी स्वतः बोलते. मी तर टीव्हीचा आवाजच बंद करतो."

"मग गाडीच्या आत काय चाललंय ते कसं कळतं?"

"बघून!"

त्यांना आवडतं जपानमधलंच सुगोचं सर्किट (शर्यतीचा मार्ग). डोंगरातलं, अरुंद, चढउतारांचं. "तिथे चूक लपत नाही," एवढंच कारण त्यांनी दिलं. मी सुझुकाची बाजू लावून धरली: सुरुवातीलाच एकात एक गुंफलेली वळणं, आणि पुढे रस्ता स्वतःच्याच डोक्यावरून जातो! अण्णांनी "सरी" (ठीक) म्हटलं, पण ते पटल्याचं नव्हतं.

तिथून बेळ्ळंदूरमार्गे प्रशांतच्या घरी निघालो. फुजीच्या सर्किटवर लांबच लांब सरळ पट्टा आहे, तिथे गाड्या कशा सुटतात, हे प्रशांत मला रंगून सांगत होता. तेवढ्या वेळात आमची गाडी एका बसच्या मागे चार हात सरकली होती. त्याच्या बायकोनं दुपारी खास आमच्यासाठी झुणका-भाकरी केली होती. जेवताना मी त्या दोघांना उद्याच्या समालोचकाची नक्कल करून दाखवली.

रविवारी सकाळी क्लबहाउस भरलं. कुणी इडल्या आणल्या होत्या, कुणी जपानी संघांच्या टोप्या घातल्या होत्या. मी टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसले आणि सुरू केलं. मुख्य समालोचक भरभर बोलणारा, त्याच्या जोडीला एक निवृत्त चालक, शांत आवाजाचा. हिंदीत, मध्येच मराठीत, मी दोघांचंही सांगत गेले. मंडळी खूश. या शर्यतीत मोठ्या, वेगवान गाड्या आणि त्यांच्याहून हळू गाड्या एकाच वेळी धावतात. हळू गाड्यांमध्ये एका लहानशा संघाची नारिंगी गाडी होती. आमचा सगळा गट तिच्या बाजूनं.

अर्धी शर्यत झाल्यावर ती पिटमध्ये (इंधन घ्यायला आणि चालक बदलायला थांबतात ती जागा) गेली. कॅमेरा दुसरीकडेच होता. ती बाहेर आली तेव्हा हळू गाड्यांत थेट पहिली! समालोचक ओरडला. मी सांगितलं, "टायर बदललेत! आता शेवटपर्यंत पळणार!"

टाळ्या पडल्या. मागून अण्णा म्हणाले, "नाही बदलले."

"अण्णा, मी ऐकलंय."

"तू ऐकलंस, मी बघतोय. नवीन टायर थंड असतात, पहिल्या फेरीत गाडी घसरते. ही बघ कशी चिकटून वळतेय. जुनेच आहेत. शेवटी दमणार."

"अण्णा, जपानी त्यांना येतं की ओ," प्रशांत म्हणाला. सगळे हसले. अण्णांनी नजर पुन्हा टीव्हीवर लावली.

दोन फेऱ्यांनंतर तो निवृत्त चालक सावकाश बोलला आणि मला शब्द स्वच्छ ऐकू आला. 'कोकान' म्हणजे बदलणं. मघाशी मुख्य समालोचक ओरडला होता तेही 'मुकोकान'. न बदलता. सुरुवातीचा तो 'मु' माझ्या कानातून निसटला होता. टायर न बदलल्यामुळेच वेळ वाचून गाडी पहिली आली होती.

त्या खोलीत हे कळलेली मी एकटी. गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. गाडी मागे पडली असती तरी टायर खराब निघाले म्हणता आलं असतं. दोन वाक्यं मी पुढचीच सांगितली. मग एकटक टीव्हीकडे बघणारे अण्णा दिसले आणि मी उभी राहिले.

"थांबा. माझी चूक झाली. तो 'कोकान' नाही, 'मुकोकान' म्हणाला होता. टायर बदललेले नाहीत. अण्णा बरोबर आहेत."

मग प्रशांत म्हणाला, "म्हणजे 'कोकण' नव्हतं तर!" आणि हशा पिकला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्या शेजारी आणून ठेवली.

"स्वल्प (जरा) जागा दे. तू ते काय म्हणतात ते सांग, गाडी काय म्हणते ते मी सांगतो."

शेवटच्या दहा फेऱ्या आम्ही दोघांनी मिळून सांगितल्या. मागची गाडी जवळ येत होती. मी म्हणायचे, "अंतर कमी होतंय." अण्णा म्हणायचे, "मागचं चाक घसरतंय बघा, चालक हळूच सांभाळतोय." शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर नारिंगी गाडी मागे पडली. दुसऱ्या क्रमांकावर आली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि माझा घसा बसला होता.

संध्याकाळी परतीची गाडी धरली. तुमकूरच्या अलीकडे बाहेर नारळाच्या बागांवर शेवटचं ऊन होतं. माहितीपुस्तकातली चूक मी कुणी बघायच्या आत खोडते. वीस जणांसमोर खोडायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि नंतरचं बोलणंच मला जास्त चांगलं जमलं.

एवढ्यात फोन वाजला. अण्णा होते.

"अक्का, एक राहिलं. नारिंगी गाडी रेषा ओलांडत होती तेव्हा तो शांत माणूस काहीतरी म्हणाला. तू सांगितलं नाहीस."

"घसा बसला होता, अण्णा. तो म्हणाला, छान चाललात, असं काहीतरी."

"काहीतरी नको. नीट सांग."

मी डोळे मिटून ते वाक्य पुन्हा आठवलं. "तो म्हणाला, नेटानं टिकलात."

मग अण्णांनी ते दोन शब्द हळूच, स्वतःशीच, म्हणून पाहिले.

"सरी," ते म्हणाले. "हे मला नुसतं बघून कळलं नसतं."