दार लावून केलेला व्यायाम

"तू बसलीस की गाडीचं पुढचं चाक उचलतंय," असं नवरा ओझरला देवळाबाहेर माझ्या दोन जावांदेखत म्हणाला. जावा हसल्या. मीही हसले, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. शिनोलीला घरी येईपर्यंत मी त्याच्या मागं बसून एक अक्षर बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही. तो चाकणला कंपनीत कामाला, शनिवारी रात्री येणार, सोमवारी पहाटे जाणार. एवढ्या वेळात माणसाला काय काय कळणार!

त्याच आठवड्यात मी मोबाइलवर साठ दिवसांचा व्यायाम शोधला. हिंदीत ओरडणारी एक बाई होती, जिच्या पोटाला चिमटीत धरायलासुद्धा काही नव्हतं. रोज पाऊण तास उड्या, उठाबशा, जोर, मग पालथं पडून कोपरांवर अंग तोलून धरायचं. सासूबाई दुपारी जेवून ओसरीवर आडव्या झाल्या की मी खोलीचं दार लावायचे, लेकाची शाळेची ट्रॅकपँट चढवायचे आणि गोधडी अंथरून सुरू व्हायचे. तिसऱ्या दिवशी मला खाली बसता येईना. पाचव्या दिवशी ओकले. तरी ती बाई म्हणत होती, "और एक, बस और एक," आणि मी तिला शिव्या घालत आणखी एक करत होते.

एकदा बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय आदळतंय गं आत?"

"शेंगदाणे कुटतेय, आत्या."

का खोटं बोलले ते आजही नीट सांगता येत नाही. चाळिशीला आलेली बाई दार लावून उड्या मारते हे सांगायची लाज वाटली, एवढंच. पण एकदा शेंगदाणे म्हटल्यावर रोज शेंगदाणेच कुटावे लागले. व्यायाम झाला की घाम पुसत मी खलबत्ता पुढ्यात घ्यायचे. घरातली माणसं त्या चटणीला इतकी विटली की सासरे ती वाढायच्या आधीच ताटावर हात आडवा धरायचे.

महिनाभरानं नवऱ्याचं ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलं होतं. एक दिवस टोमॅटोचं भरलेलं कॅरेट मी एकटीनं उचलून टेम्पोत ठेवलं आणि टेम्पोवाला बघतच राहिला. मला मनातून फार बरं वाटलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि त्या घरात माझं म्हणावं असं काही असेल तर तो दुपारचा पाऊण तास. मला साठ दिवस पुरे करायचे होते. कोणासाठी नाही, माझ्यासाठी. रविवारी नवरा कॉटवर पडून माझ्या उड्या बघायचा, दात काढायचा. काढू दे म्हटलं.

एक्कावन्नाव्या दिवशी भाऊ माहेरच्या यात्रेचं बोलावणं घेऊन आला. माहेर जुन्नर तालुक्यात, आणि त्याचं आळेफाट्याला गॅरेज. मला बघून त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "ताई, खायाला देत्यात का न्हाई तुला?" मी हसण्यावारी नेलं. त्यानं चहासुद्धा घेतला नाही. आमच्याकडं सासरी लेक वाळली की माहेरची माणसं कारण विचारत नाहीत, जाब विचारायला येतात. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळीच, दारात जीप उभी राहिली. भाऊ, दोन चुलते, मामा, भावकीतले दोन जाणते, आणि आई.

ओसरीवर सतरंजी पडली, बैठक बसली. थोरल्या चुलत्यानं तोंड उघडलं, "पावणं, अशी पोर दिली नव्हती आमी तुमाला." सासूबाई बिचाऱ्या खरं तेच बोलल्या, "मला काय ठावं? रोज दुपारी दार लावून शेंगदाणे कुटीत असती. लई येळ. घामाघूम व्हऊन बाहेर येती."

झालं! मामा उठून उभेच राहिले. "म्हंजे कोंडून राबवताय व्हय पोरीला?"

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की मी व्यायाम करते, मोबाइलवर बघून. मामांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "सासरची माणसं म्होरं बसल्यावर पोर दुसरं काय बोलंल?"

"करून दाखवू का? इथं, आत्ता?"

"माणसांम्होरं उड्या मारणार व्हय?" सासरे कडाडले. "आत जा."

मी नवऱ्याकडं बघितलं. "करती, मी बघितलंय," एवढे तीन शब्द पुरे होते. पण मग ती का करायला लागली, तेही कोणीतरी विचारलं असतं. तो मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपटत बसला.

जाणत्यांनी निवाडा दिला. दुपारी दार लावायचं नाही, मोबाइल दुपारभर सासऱ्यांपाशी ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध प्यायचं. दोन्ही घरांची अब्रू राहिली, सगळे खूश झाले आणि मटणाचा बेत ठरला. रांधायला अर्थात मीच.

भाकरी थापत होते तेव्हा आई चुलीपाशी येऊन बसली. तिनं माझा दंड धरला, दाबला, पुन्हा दाबून बघितला.

"घट हाये की गं. ह्यो काय वाळल्याला दंड न्हाई."

"मग मी काय सांगत होते बाहेर?"

"मगाशी जीपमधनं उतरताना तू मला धरलंस ना, तवाच कळलं व्हतं मला."

माझा हात परातीतच थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"एवढी माणसं कामधंदा टाकून तुझ्यासाठी आली व्हती," आई म्हणाली. "त्यास्नी काय म्हणायचं, परत चला?"

मी तिच्या हातातून दंड सोडवून घेतला आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.