साडेसहा फुटांवरचा हूक

द्वारकाबाईंची उंची चार फूट सात इंच. लग्नाच्या वेळी मामांनी पाहुण्यांना पाच फूट सांगितली होती. ते पाच इंच पुढं कुणी मागायला आलं नाही, ही त्या माणसांची भलाई. नवरा बद्रीनाथ चांगले सहा फूट, खांद्यानं रुंद, रस्त्यानं निघाले की समोरचा आपोआप बाजूला होणार. दोघं कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेले तर बाई त्यांच्या मागं दिसायच्याच नाहीत. पंचवीस वर्षं अशीच गेली आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते बाई सरपंच झाल्यावर.

हे सरपंचपण कसं आलं तेही ऐका. गावाला दहा वर्षं रामराव सरपंच होते. सहा फूट दोन इंच. त्यांच्या काळात ओढ्यावरचा पूल झाला नाही, पाण्याची टाकी झाली ती पहिल्याच वर्षी गळायला लागली. पण माणूस दिसायला असा, की तहसीलातला शिपाई त्यांना बघून खुर्चीतून उठायचा. गावाला तेवढं पुरत होतं. आपण जन्मभर साहेबांपुढं खाली मान घालून उभे राहिलो, निदान आपल्या वतीनं जो जातो त्याच्याकडं साहेबानं मान वर करून बघावं, असं लोकांच्या मनात असतं. आता उंच सरपंचामुळं नळाला पाणी येतं का? येत नाही. पण हे कुणाला सांगायला जा, म्हणजे कळेल.

खुद्द द्वारकाबाईंनी दोन्ही वेळा रामरावांनाच मत दिलेलं. एकदा परतूरला सभेला गेल्या होत्या. फ्लेक्सवर दोन मजली दिसणारा पुढारी गाडीतून उतरला, तो त्यांच्याहून वीतभर उंच. माईकपुढं जाऊन तो लाकडी खोक्यावर चढला ते बाईंना बाजूनं दिसलं, आणि घरी येईपर्यंत त्यांचा मूड गेला. भाषणात काय बोलला ते आठवेना, खोकं मात्र आठवत होतं. एवढ्याशा माणसाला आपण टाळ्या वाजवल्या, असं काहीतरी वाटलं त्यांना. स्वतःची उंची तेव्हा मनातसुद्धा आली नाही.

मग सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. लोकांच्या मनात बद्रीनाथ होते. रामरावांनंतर तसा दिसणारा माणूस गावात तेवढा एकच. बद्रीनाथांना उभं राहता येईना, म्हणून फॉर्म बायकोचा भरला. बाई अकरा वर्षं बचत गट चालवत होत्या, गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे निराधार पगाराचे कागद त्यांनीच भरलेले, हे कुणी बोललंसुद्धा नाही. जालन्याच्या फ्लेक्सवाल्यानं नवराबायकोला शेजारी उभं केलं आणि बाईंना ओढून ओढून नवऱ्याच्या कानापर्यंत नेलं. चौकात फ्लेक्स लागला तेव्हा बायकांनी विचारलं, बद्रीनाथच्या बाजूला ही कोण उभी आहे म्हणून. घ्या.

बाई निवडून आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव बद्रीनाथांना 'सरपंच' म्हणायला लागलं. बाई आधीही काकू होत्या, नंतरही काकूच राहिल्या. नवऱ्यानं मीटिंगला बसायचं नाही असा नियम आहे, म्हणून बद्रीनाथ ग्रामपंचायतीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे, पाय मात्र आत. सही बाईंची, विचारणं बद्रीनाथांना. बाईंना हे खटकत नव्हतं असं नाही, पण हळूहळू होईल असं म्हणून त्यांनी चालवून घेतलं.

अन् पंधरा ऑगस्ट आला.

झेंड्याचा खांब रामरावांनी बसवून घेतलेला. शाळेतली पोरं दोरी सोडतात म्हणून त्यांनी दोरी गुंडाळायचा हूक वर लावायला सांगितला होता. वर म्हणजे किती, तर वेल्डिंगवाल्यापुढं स्वतः हात वर करून उभे राहिले, इथं. साडेसहा फूट. आदल्या दिवशी ग्रामसेवकानं सगळी तयारी बघितली, चुना टाकला, फुलं बांधली, दोरी ओढून बघितली. फक्त दोरी सोडणाऱ्या बाईचा हात कुठवर जातो, ते बघायचं कुणाला सुचलं नाही. खरं तर बाईंनाही सुचलं नाही.

सकाळी नवं लुगडं नेसून बाई खांबापाशी गेल्या, हात वर केला आणि हूक वीतभर वर राहिला. टाचा उचलल्या, तरी चार बोटं कमी. पोरांच्या रांगेत कुणीतरी खिदळलं, मग मोठी माणसंही हसली. बाईंनी हात तसाच वर ठेवला. ग्रामसेवक इकडं तिकडं बघायला लागला, तेवढ्यात बद्रीनाथ दोन ढांगांत पुढं आले, दोरी सोडली, ओढली, झेंडा वर गेला. टाळ्या झाल्या. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा बाई नवऱ्याच्या मागं उभ्या होत्या.

फोटो गावाच्या ग्रुपवर पडला. खाली लिहिलेलं, सरपंचांच्या हस्ते ध्वजारोहण. जालन्याला शिकणाऱ्या लेकीचा, आकांक्षाचा, फोन आला. तिनं एवढंच विचारलं, आई, तू त्या वेळेला कुठं गेल्ती? बाईंनी फोटो पुन्हा नीट बघितला. नवऱ्याच्या कोपरापाशी पदराचा काठ तेवढा दिसत होता.

जेवताना त्यांनी विषय काढला. बद्रीनाथांना खरंच कळेना की चुकलं काय. वाईट माणूस नव्हे तो.

"तू हात वर करून उभी, लोक हसून राह्यले होते," ते म्हणाले. "मंग म्या काय करायचं होतं?"

"थांबायचं होतं," बाई म्हणाल्या. "म्या मागितला असता कुणाला पाट, न्हाईतर स्टूल."

"अन् स्टुलावर चढून झेंडा फडकवला असता? गावाची काय शोभा राह्यली असती?"

बाईंना परतूरचं खोकं आठवलं आणि त्या ताटं उचलायला लागल्या. रात्रभर स्वतःवरच चिडल्या. त्या दिवशी त्या पुढाऱ्याला आपण मनात जे म्हणालो, तेच आज गाव आपल्याला म्हणतंय. स्टुलावर चढायचं नाही हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. पण सव्वीस जानेवारीलाही नवऱ्यानंच दोरी ओढली, तर पुढची साडेचार वर्षं आपण काकूच राहणार, हेही त्यांना स्वच्छ दिसलं.

डिसेंबरच्या मीटिंगला त्यांनी विषय घातला, हूक अडीच फूट खाली घ्यायचा. वेल्डिंगचं काम अर्ध्या तासाचं, पण त्यावर चर्चा झाली दीड तास. एवढी चर्चा ओढ्याच्या पुलावर झाली असती तर पूल झाला असता. एका मेंबरचं म्हणणं, रामरावांनी बसवलेल्या खांबाला हात लावणं म्हणजे त्यांचा अपमान. दुसऱ्याचं म्हणणं, आज हिच्यासाठी खाली घेतला, उद्या उंच सरपंच आला तर त्यानं काय वाकून दोरी सोडायची? तिसरा म्हणाला, हसू होईल, शेजारची गावं काय म्हणतील. शेवटी सगळे दाराकडं बघायला लागले. बद्रीनाथांचे पाय आतच होते. ते म्हणाले, येवढं कशाला ताणायचं, मी हाये ना, दोरी मी सोडीन.

बाईंनी नवऱ्याकडं बघितलं नाही. मेंबरांकडं बघून बोलल्या.

"खांब हाये तेवढाच राहणार हाये. झेंडा बी तिथंच जाणार. सरपंच उंचच पायजे असंल, तर पुढच्या टायमाला फॉर्मवर उंचीचा रकाना टाकून घ्या, म्या भरणारच न्हाई. पण यंदाचा फॉर्म म्या भरलाय. हूक माझ्या हाताला पायजे."

आवाज चढला नव्हता, पण असं बाई आजवर बोलल्या नव्हत्या. ग्रामसेवकानं मान खाली घालून ठराव लिहायला घेतला. बाया मेंबर होत्या, त्यांतल्या दोघींनी आधी हात वर केले. मग एकेक करून पाच झाले. नऊत पाच म्हणजे झालं. बद्रीनाथ खुर्ची उचलून घरी निघून गेले. चार दिवस घरात मिठाची बरणी मागण्यापुरतंच बोलणं झालं. वेल्डिंगवाला आला त्या दिवशी ते शेतावरच राहिले.

सव्वीस जानेवारीला थंडी होती. आधी कधी झेंडावंदनाला न आलेल्या बायकासुद्धा आल्या होत्या. बऱ्याच जणी नुसतं हूक बघायला आल्या, हे खोटं कशाला बोला. बाई खांबापाशी गेल्या, दोरी सोडली, ओढली. फुलं त्यांच्या डोक्यावर पडली. राष्ट्रगीत झालं. त्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, झेंडा दरवर्षीसारखाच दिसत होता.

मग भाषण. लोक सतरंजीवर बसले. बद्रीनाथ मात्र माईकच्या समोर, पुढंच उभे होते. त्यांच्यासाठी कुणी खुर्ची ठेवली नव्हती, आणि खाली बसायची त्यांना सवय नव्हती. हात मागं बांधून उभे राहिले. बाईंनी माईक खाली ओढला, पण मागच्यांना समोर दिसत होती ती नवऱ्याची पाठ.

बायकांच्या घोळक्यातून साळूबाईंनी हाक मारली. पंच्याऐंशीच्या आहेत, कुणाची भीड ठेवायचं वय राहिलेलं नाही.

"ए बद्रीनाथ, बस रे खाली. सरपंच दिसून न्हाई राह्यली."

बद्रीनाथांनी वळून बघितलं, मग बायकोकडं बघितलं. त्या बोलायच्या थांबल्या होत्या, वाट बघत होत्या. बद्रीनाथांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि पांढऱ्या कपड्यांनिशी पोरांच्या रांगेत खाली बसले.