आधी खाट टाकून बघा

"अजून ओता, सर. हात आखडू नका," प्रयागबाई म्हणाल्या.

त्या दोरी ताणून धरत होत्या आणि मी घमेल्यातली चुन्याची फक्की ओतत मागे सरकत होतो. खडकाळ जमिनीवर आमच्या मधोमध एक पांढरी रेघ उमटत गेली. ती भिंत होती. भूमच्या बाहेर, माळावर, आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या पहिल्या घराची ती आखणी. अभियंत्याचा नकाशा माझ्या बगलेत होता. नकाशाबरहुकूम रेघा पूर्ण झाल्या, तेव्हा प्रयागबाईंनी जनाबाईला हाक मारली. जनाबाईचा नवरा बाजार समितीत हमाल. ते घर त्यांचे होणार होते.

"सामान आण तुझं. आधी खाट टाकून बघा, मग पाया खांदा."

जनाबाईने खाट आणली, चूल आणली, पत्र्याची कोठी आणली, आणि सासूला आणले. सासू उन्हात खाटेवर आडवी झाली. तिचे पाय रेघ ओलांडून पलीकडे गेले.

"सर, तुमच्या नकाशात म्हातारीचे पाय चुलीत चालल्यात की," प्रयागबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या, बाई," म्हातारी म्हणाली. "पाय आखडून निजंन मी. आतापत्तुर तशीच निजले."

"आता न्हाय निजायचं तसं."

चपलेने रेघ पुसली गेली आणि एक हात पलीकडे नवी पडली. मग जनाबाईला चुलीपुढे बसवून, उठवून, भाकरीची परात हातात देऊन वळवून पाहिले. जमले. सगळे हसत होते. मी हसलो नाही. त्या नकाशासाठी मी धाराशिवला सहा खेपा घातल्या होत्या.

प्रयागबाई शेळके यांचा आणि माझा खरा परिचय हा असा झाला. त्याआधी आमची ओळख सभेपुरतीच होती. बाजारपेठेत त्यांचे शिलाईचे दुकान होते. मी शाळेत मराठी शिकवीत असे, आणि अर्ज लिहिता येतात म्हणून संस्थेने मला सचिव केले होते. त्यांना अध्यक्ष का केले, ते मला त्या दिवसापर्यंत कळले नव्हते. कळले तेव्हा आवडले नाही. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात दुसरे काही लिहिण्याआधी हे लिहिणे मला भाग आहे.

पुढची सगळी घरे तशीच आखली गेली. प्रत्येक कुटुंबाने एक दिवस फक्कीच्या घरात काढला. अभियंता पहिले दोन दिवस लिंबाखाली बसून राहिला. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच विचारू लागला, "खाट आली का?"

प्रयागबाईंनी शिलाई मशीन घेऊन अकरा खोल्या बदलल्या होत्या. एका घरमालकाने मशीनच्या आवाजाने भिंतीला तडे जातात म्हणून त्यांना बाहेर काढले होते. हे त्यांनी कोणत्याही भाषणात सांगितले नाही. मला ते जनाबाईकडून कळले. भाड्याने राहणाऱ्या माणसाला घर म्हणजे काय लागते, हे त्यांना कागदावर पाहावे लागत नव्हते.

वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्याच्या जमिनीचा प्रस्ताव कचेरीत अडकला होता, तेव्हाची गोष्ट. मी नऊ पानांचा अर्ज लिहिला. तो चांगला होता, आजही मला तसे वाटते. साहेबांनी पहिले पान वाचले आणि विचारले, "गावात एवढे बेघर आहेत कुठे?" मी उत्तर जुळवू लागलो. प्रयागबाईंनी पिशवीतून आपली मापांची वही काढून टेबलावर ठेवली. त्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावाखाली माप आणि पत्ता लिहिलेला असे. कित्येक नावांखाली पत्ता खोडून दुसरा लिहिला होता, तो खोडून तिसरा, तो खोडून चौथा. माप तेच होते.

"ही बाई बघा, साहेब," त्या म्हणाल्या. "हिला शिवलेला ब्लाऊज द्यायला मी तीन घरं हिंडले. मालक म्हणतोय, गेली. कुठं गेली, तर ठाव न्हाय."

साहेबांनी वही बराच वेळ चाळली. अर्जाची उरलेली आठ पाने त्यांनी वाचली नाहीत. सही केली. परतीच्या एसटीत प्रयागबाई मला म्हणाल्या, "तुमच्या अर्जामुळंच झालं, सर." त्यांना तसे मनापासून वाटत होते. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

माझ्या पत्नीचा उजवा हात अर्धांगवायूने गेला. तिला कपडे घालणे हा रोज सकाळचा छळ होता. तो हात बाहीत घालताना ती ओठ दाबून धरी. मी पंधरा दिवस तेच करीत होतो. प्रयागबाई भेटायला आल्या, चहा घेतला, गेल्या. दोन दिवसांनी त्यांनी तीन ब्लाऊज आणून दिले. त्यांची उजवी बाजू खांद्यापासून कमरेपर्यंत उघडी होती आणि नाड्यांनी बांधता येत होती. हात हलवावाच लागत नव्हता. पत्नी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून आरशापुढे गेली. मी आभार मानले, पण मनात पहिला विचार निराळा होता. मी तिच्याजवळ पंधरा दिवस होतो. त्या अर्धा तास होत्या.

पत्नी जाऊन आता चार वर्षे झाली. लातूरला असलेली मुलगी मला तिकडे बोलावते आहे. वसाहतीशेजारून मोठा रस्ता गेला आणि आमच्या छोट्या घरांना मोठी गिऱ्हाइके येऊ लागली. त्यातलेच एक घर माझे; माझ्याकडेही एक व्यापारी येऊन गेला. पण घर कुणाला द्यायचे याचा संस्थेचा एक नियम आहे. तो नियम नसता तर ही वसाहत केव्हाच दुकानदारांची झाली असती. गेल्या महिन्यात सर्वसाधारण सभेत तो रद्द करावा असा ठराव मी आणला. सात-आठ जणांचा पाठिंबा होता. उरलेले सहसा माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत.

मी ठराव वाचायला उभा राहिलो. जनाबाईचा नवरा बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, प्रयागबाईंचा नियम मोडायचा न्हाय."

"कुणाचा?" मी विचारले.

"प्रयागबाईंचा. साऱ्या गावाला ठाव हाय."

मागून एकदोघे "व्हय" म्हणाले. तो नियम मी लिहिला होता. चार वेळा खोडून, पाचव्यांदा. माझ्या हातचे या गावात काही उरले असेल तर ते तेवढेच.

"नियम माझा आहे," मी म्हणालो. आवाज चढला होता. "एकेक शब्द मी लिहिला आहे."

प्रयागबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला.

"मग वाचा की, सर. तुमच्या तोंडून ऐकू द्या."

मी वाचला. ज्याला घर सोडायचे असेल त्याने ते यादीतल्या पुढच्या भाडेकरू कुटुंबाला, संस्थेने ठरवलेल्या किमतीतच द्यावे. यादीतली माणसे सभेला येतात, दाराशी बसतात. त्यांत ईट गावाहून आलेल्या कमलबाई होत्या. बसस्थानकासमोर वडे तळतात. यादीत आता त्यांचेच नाव पहिले होते. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, जमिनीकडे पाहत होत्या. ठरावाचा कागद मी घडी करून खिशात ठेवला आणि खाली बसलो.

सभा संपल्यावर पायरीवर मी प्रयागबाईंना गाठले.

"बाई, नियम मी लिहिला हे तुम्हाला माहीत होतं."

"व्हय की. तुमच्याबिगर कुणाला एवढं लिवाय येतंय?"

"मग इतकी वर्षं लोकांना सांगितलं का नाही?"

"तुम्ही सांगताल म्हणून वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "लई उशीर लावला, सर."

मी लातूरला जातो आहे, माझे घर यादीप्रमाणेच जाईल, एवढे त्यांना सांगून मी निघालो.

मी त्यांचा हेवा केला आणि अजूनही करतो. इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही. त्याच्याइतकीच जुनी दुसरीही एक भावना आहे, पण तिला नाव देणे मला अजून साधलेले नाही. प्रयागबाईंची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे त्यांना माळ चढू देवोत, आणि सुईत दोरा ओवायला त्यांना कधी कुणाला हाक मारावी लागू नये. त्यांनी शंभरी पाहावी. तोवर माझ्या वाट्याला निदान एखादी गोष्ट अशी यावी, जी त्यांच्याआधी माझ्या लक्षात आली असेल.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कमलबाई आणि त्यांचा नवरा खाट घेऊन माझ्या दारात आले. प्रयागबाई मागे उभ्या होत्या. मी माझा पलंग बाजूला ओढला. खाट बसली.