सासऱ्यांचा पाट

काल सांगलीत पुतण्याच्या घरी सुतार जुन्या सागाच्या दाराला रंधा मारत होता. तो कडवट, तेलकट वास नाकात शिरला आणि मी थेट मलकापूरच्या सासरी, सोप्यात जाऊन उभी राहिले.

सासऱ्यांचं गाणारं घड्याळ भूकंपात पडलं होतं, तेव्हापासून मुकं होतं. त्याच्या आतल्या, धून वाजवणाऱ्या सुरांच्या पेटीखालची फळी चिरली होती. "नवं लाकूड सूर दाबतंय, काकू. जुनं, वाळल्यालं पायजे," सुतार सासूबाईंना म्हणाला. माळ्यावरची जुनी लाकडं खाली निघाली, त्यात पाळणाही होता. सुतारानं त्यावर बोटाचं पेर वाजवलं. खणखणीत आवाज आला. "ह्योच घिऊया."

माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा रिकामाच होता. सोप्यात कुणीही माझ्याकडे बघेना, तेच जास्त बोचत होतं. सुतारानं करवत टेकवली. सासूबाई हो म्हणाल्या तर त्यांनी माझी आशा सोडली. नाही म्हणाल्या तर पुन्हा महिन्याच्या महिन्याला त्यांची ती नजर.

"थांब रं," म्हणत त्या आत गेल्या आणि सासऱ्यांचा जेवायचा पाट घेऊन आल्या. ते गेल्यापासून त्यावर त्यांनी कुणाला बसू दिलं नव्हतं.

"ह्यो काप."

मला तेव्हा रागच आला. अजून किती वाट बघायला लावणार ही बाई! पाटाकडे माझं लक्षच नव्हतं.

पाळणा शेवटपर्यंत रिकामा राहिला. सासूबाईंनी तो विषय कधी काढला नाही. फक्त दुपारी, सासऱ्यांच्या जेवायच्या वेळेला, घड्याळ गायला लागलं की चुलीपाशी हात थांबवून म्हणायच्या, "ह्ये बसलं बग जेवायला."