मागची आवृत्ती

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बायका भिशी धरतात. संघमित्राने लिनक्स धरलं. जगभरची माणसं फुकट राबून संगणकाची ही प्रणाली बनवतात, तिच्यातला मराठी कीबोर्ड हिच्याकडे. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. त्याआधी आपलं काम जुन्या संगणकावर चालवून बघायचं आणि मगच 'तपासलं' अशी नोंद करायची, हा नियम. यंदा भाचीच्या लग्नाच्या धांदलीत तिने न बघताच नोंद ठोकली. दहा वर्षांत चुकले नाही, आता काय चुकणार, हा तोरा.

आवृत्ती निघाली आणि घाटकोपरच्या पंतनगरात, विहाराच्या अभ्यासिकेत, तिनेच ती हौसेने चढवली. चारही जुन्या संगणकांवर मराठी टायपिंग ठप्प. सरकारी टायपिंग परीक्षेच्या मुली तिथेच सराव करायच्या.

आपली चूक तिला त्याच संध्याकाळी सापडली. पण आवृत्ती निघाली की काही आठवडे सगळं थंड असतं. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झालं की दुरुस्ती आधी तिच्यात जाते, मग आधीच निघालेल्या आवृत्तीत. "पुढच्या आवृत्तीचं काम सुरू होऊ दे," एवढंच ती सगळ्यांना सांगत राहिली. खोटं नव्हतं, अर्धं होतं. मागची आवृत्ती परत चढवायला एक दुपार पुरली असती. पण मग कारण सांगावं लागलं असतं.

अभ्यासिका सांभाळणाऱ्या शिवदासदादांनी नवी आवृत्ती चढवली त्याच दिवशी ओल्या फडक्याने संगणक पुसले होते. आपणच वाट लावली, असं ते धरून बसले. संघमित्राला ते दिसत होतं. तिने ते तसंच राहू दिलं.

तिसऱ्या आठवड्यात श्रुतिका, परीक्षेला बसणाऱ्यांतली एक, घरी आली. दादा किल्ल्या परत करतायत, म्हणाली. मुलींचं नुकसान केलं म्हणतात.

पुढच्या आवृत्तीचं काम अजून सुरू झालं नव्हतंच. संघमित्राने मागची आवृत्ती असलेला पेनड्राइव्ह उचलला आणि तडक विहार गाठलं.

"दादा, तुमच्या फडक्याचा काही संबंध नाही. मी न तपासता 'तपासलं' लिहिलं."

किल्ल्या मोजणारे दादा थांबले.

"चुकलीस, ठीक आहे. पण रोज येऊन माझं तोंड बघत होतीस ना गं?"

दादांनी किल्ल्या खिशात घातल्या आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. तिने एकेका संगणकावर मागची आवृत्ती चढवायला घेतली.

चौथ्या संगणकावर मराठी उमटलं तशा मुली टाळ्या वाजवायला लागल्या. संघमित्राने त्यांना दटावून गप्प केलं.