अण्णांचा निशाणवाला

सकाळी चहा ठेवला तेव्हाच फोनवर आमच्या ग्रुपचे ढीगभर मेसेज येऊन पडलेले दिसले. मी उघडलेसुद्धा नाहीत. म्हटलं, अण्णा पेटलेले दिसतात पुन्हा; आधी चहा पिऊ, मग भांडू. आमचा ग्रुप म्हणजे जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटमधली, राजे-राण्या आणि जादूटोण्याची एक परदेशी मालिका वेड्यासारखी बघणारी मंडळी. त्या मालिकेतल्या लढाईच्या एका भागावरून अण्णा आणि मी गेली काही वर्षं भांडत आलो होतो. चहा झाला, कप विसळला, चष्मा शोधला आणि मग फोन उघडला... वरच्या मजल्यावरच्या श्रीनिवासनं लिहिलं होतं, अण्णा पहाटे झोपेतच गेले. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. आदल्या संध्याकाळी तर मी त्यांच्याशी भांडून आले होते.

मल्लिकार्जुन अण्णा आमच्या समोरच्या दारात राहायचे. शाळेच्या गणवेशाच्या कापडाचं त्यांचं दुकान होतं आणि मी गणिताची बाई, त्यामुळे आमच्या वर्गातली निम्मी पोरं त्यांच्या कापडात आणि माझ्या धाकात वाढली. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, दुकान त्यांनी बंद केलं, आणि टॉवेलच्या कारखान्यातून दमून येणाऱ्या श्रीनिवासनं त्यांना या मालिकेचा नाद लावला. दर शनिवारी संध्याकाळी अण्णांच्या हॉलमध्ये आम्ही जमायचो. त्यांना त्या परदेशी नावांचा ताप व्हायचा, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसंच करून टाकलं. राणी म्हणजे पाटलीणबाई. कपटी प्रधानाला ते ‘सेक्रेटरी’ म्हणत, आणि आमच्या सोसायटीचे खरे सेक्रेटरी शेजारीच बसून भडंग खात असत. राजाचं निशाण घेऊन चालणारा एक म्हातारा होता, तो झाला निशाणवाला.

मग तो लढाईचा भाग आला. गडाच्या वेशीवर दोन्ही फौजा भिडल्यात, राजा कुठं दिसत नाही, पण निशाण उभं आहे म्हणून सैन्य लढतंय. इतक्यात गडाच्या आतून बातमी येते की निशाणवाल्याची बायको जखमी होऊन पडलीय. तो म्हातारा शेजारच्या शिपायाच्या हाती निशाण देतो आणि धावत आत जातो. त्या शिपायाला ते पेलत नाही, निशाण कलतं, फौज मोडते, गड पडतो. दाराआड गेलेला निशाणवाला पुन्हा दिसतच नाही. अहो, जगभर बोंबाबोंब झाली. इतकी वर्षं जपलेली मालिका एका भागात मातीत घातली, असं निम्मे लोक म्हणत होते, आणि निम्मे म्हणत होते की हाच सगळ्यात खरा भाग. आमच्या हॉलमध्ये मी पहिल्या पक्षाची. हजारो माणसांचा जीव ज्याच्या हातात, त्यानं घरचं बघायला जायचं नसतं, हे माझं साधं गणित. अण्णा एकटे दुसऱ्या पक्षाचे. ‘बाई, त्यानं टाकून दिलं न्हाई, दिऊन गेला की,’ एवढंच म्हणायचे, पण असे म्हणायचे की समोरचा वकील असता तरी गप्प झाला असता.

भांडावं कसं हे मात्र त्यांच्याकडून शिकावं. त्यांचा एक नियम होता. रिमोट ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं, आणि आपलं बोलायच्या आधी समोरच्याची बाजू त्याला पटेल अशी मांडून दाखवायची. तो ‘बरोबर’ म्हणाला की मग खोडायची. बत्तीस पोरांच्या वर्गातही मला ही शिस्त कधी जमली नाही. नेटवर ते आपलं मत लिहायचे, लोक त्यांना वाट्टेल ते बोलायचे, त्यालाही उत्तर तसंच: ‘तुमचं म्हणणं असं असं हाय, समजलं ते बरोबर का?’ श्रीपूरच्या साखर कारखान्यातल्या एका इंजिनियरनं तर त्यांची अक्कल काढली होती. अण्णांनी त्याचा नंबर मिळवून त्याला शनिवारी घरी बोलावलं. तो आला, गुळाची ढेप घेऊन आला, तीन तास भांडला आणि जाताना पाया पडून गेला. मत मात्र त्यानं बदललं नाही, आणि अण्णांना त्याचंच जास्त कौतुक.

एका टीव्हीवरच्या म्हाताऱ्यासाठी हा माणूस एवढा जीव का टाकतो, हे मला निलाक्कांनी सांगितलं. निलाक्का म्हणजे अण्णांची बायको. तो प्रसंग आला की त्या न चुकता चहाच्या निमित्तानं उठायच्या. एकदा शेंगाची चटणी द्यायला आल्या आणि दारातच बोलल्या. लग्न नवीन होतं तेव्हा अण्णा संक्रांतीला भरणाऱ्या आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, तो सजवलेला उंच बांबू एका वेळी एकच माणूस तोलून चालतो, आणि दमला की दुसरा ठरलेला माणूस पुढे होतो. एका वर्षी ध्वज अण्णांकडे असताना गर्दीतून निरोप आला, अक्कांना दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात नेलंय, काही खरं नाही. अण्णांनी पाळी संपायच्या आत ध्वज शेजारच्याला दिला आणि पळाले. त्याचा तोल क्षणभर गेला, शेंडा एका दुकानाच्या पत्र्याला घासला. बाळ गेलं. अक्का वाचल्या. अण्णांना कुणी एका शब्दानं बोललं नाही, पण त्यांनी पुन्हा ध्वजाला हात लावला नाही. दर संक्रांतीला बाराबंदी, म्हणजे ध्वज पेलणाऱ्यांचा तो पांढरा अंगरखा, घालून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, हात जोडून. ध्वज कलला म्हणून बाळ गेलं का, हा किडा त्यांच्या डोक्यातून निघाला नाही. त्यांना कुणीतरी हवं होतं, जे म्हणेल की निशाणवाला बरोबर होता. आणि मी नेमकी समोर बसून दर शनिवारी उलटं सांगत होते!

तरीही ते मला कधी टाळत नव्हते. शेवटी शेवटी हृदय थकलं, बोलताना धाप लागायची. त्या शेवटच्या संध्याकाळी मी गेले, तर रिमोट खुर्चीच्या हातावर ठेवलेला, रबरबँड लावून झाकण घट्ट केलेला तो जुना रिमोट. त्यांचं ते धापा टाकणं मला बघवेना. मी म्हटलं, ‘अण्णा, मी विचार केला. निशाणवाला बरोबर होता.’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या कापडात खोट काढली होती.

‘मी आजारी हाय म्हणून मत देता व्हय? दान नको मला. भांडा की नीट.’

मला रडू येत होतं आणि हसूही. मग भांडले. चांगला अर्धा तास भांडले. त्यांची बाजू आधी मांडली, त्यांनी ‘बरोबर’ म्हटलं, मग खोडली. निघताना त्यांचा चेहरा काय उजळला होता म्हणून सांगू... त्यांचं ते दर्शन शेवटचं.

दिवसपाणी झालं, बंगळूरची लेक आली आणि गेली. मागच्या शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात निलाक्का. ‘शनवार हाय की. या,’ म्हणाल्या. आत गेले तर त्यांनी तोच भाग लावून ठेवला होता. त्या प्रसंगाला मी वाट बघत होते की आता उठतील, पण त्या बसून राहिल्या. निशाणवाला दारातून आत धावला आणि अक्कांनी चित्र थांबवलं.

‘समदी त्यालाच कोर्टात हुबं करत्यात,’ त्या म्हणाल्या. ‘आत पडलेल्या बाईला कुनी इचारलंच न्हाई. मी डोळं उघडलं तवा हे बाराबंदीत समोर हुबं होते, घामानं निथळत. बाळाचं मला ठाऊक बी नव्हतं. येवढंच कळलं, हे आलेत. हे नसते तर मी पुन्हा डोळं उघडलंच नसतं.’

मी विचारलं, हे तुम्ही अण्णांना कधी सांगितलंत का?

‘इतकी वर्सं ते इचारायला भ्यायचे, मी सांगायला. त्या दिवशी तुमी भांडून गेल्यावर सांगितलं.’ अक्कांनी पदरानं डोळे पुसले. ‘लई येळ माझा हात धरून बसले. मग हसले. म्हनाले, बाईंना सांगू नको हं, भांडायच्या थांबतील.’

अण्णांच्या खुर्चीवरची चादर अजून तशीच होती, एका बाजूला ओघळलेली. अक्कांनी रिमोट खुर्चीच्या हातावर ठेवला, ते ठेवायचे तिथेच, आणि चहा टाकायला उठल्या. मी तो उचलला. रबरबँड नीट केला. आणि निशाणवाल्याचं का चुकलं ते रिकाम्या खुर्चीला सांगायला लागले... आधी अण्णांची बाजू मांडून, नियमाप्रमाणे.