तालमीतली माती आन् गादीवरची कुस्ती

कुस्तीतलं माज्याइतकं कुनालाच कळत न्हाय. मातीत एकदाच उतरलो आन् सलामी द्यायच्या आदीच पडलो.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर सोलापुरात एका तालमीत एक म्हातारा दिसायचा. लाल मातीत ताक, त्याल, हळद घालून मळायचा आन् मूठभर नाकाशी धरायचा. काय हुंगतोय, मला कळंना. त्याचा लेक पुण्याला गादीवरच्या कुस्तीला निघाला हुता.

एक दिस म्या सरळ आखाड्यात शिरलो. "मामा, ऑलिंपिकात आपली मातीतली कुस्तीच पायजे!"

म्हातारा इचारात पडला. "घेतील वो. पर तितं माती कोन मळंल? आन् न्हाय घेतली, तर लेकाला ही इसरावी लागंल की."

म्हनलं, "मी सांगतो त्यास्नी!"

त्यानं माज्या पायाकडं बगितलं. "तुमी आदी चपला काडा. आखाड्यात उबं हायसा."